सोडायला आलेल्यांचा वर्ग

आमच्या इमारतीत कोणालाच इंग्रजी शिकायचं नाही, हे मला इंग्रजीचा वर्ग सुरू केल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी टेबल टेनिस शिकवलं असतं. हॉलमध्ये निदान टेबल तरी होतं.

वर्गाचं खूळ माझ्या डोक्यात ऑफिसने घातलं. आमच्या विमा कंपनीत मध्यंतरी प्रशिक्षणाचा एक दिवस झाला. टाय लावलेले एक गृहस्थ आले, त्यांनी आम्हाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या, त्या भिंतीवर चिकटवायला लावल्या आणि संध्याकाळी रंगासकट पोपडे काढून निघून गेले. मधल्या वेळात ते एकच गोष्ट घोळवत होते. शिकवण्याआधी समोरच्याची गरज ओळखा, एका मापाचा शर्ट सगळ्यांना होत नाही. बाकीचे सहकारी जेवणाची सुट्टी कधी होते ते ओळखण्यात गुंतले होते. मी मात्र भारावलो. इंग्रजी घेऊन बी.ए. व्हायचं आणि मग अर्धं आयुष्य लोकांचे दावे नामंजूर करण्यात घालवायचं, अशा माणसाला भारावायला फारसं काही लागत नाही.

घरी येऊन मी हिला म्हणालो, "इमारतीतल्या लोकांना मी इंग्रजी शिकवणार. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. फुकट."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात कोणी ऐकत नाही म्हणून का?"

मोठ्या कार्यांना प्रारंभी असाच विरोध होतो, म्हणून मी तो मनावर घेतला नाही. लगेच सेक्रेटरींकडे गेलो.

आमचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट शोधल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमचा संशय बसला आहे. ते "बघू" म्हणतात तेव्हा समोर दार नसलं तरी ते बंद झाल्याचा आवाज येतो.

"वर्ग म्हणजे शिकवणी," ते माझा अर्ज दोन बोटांत धरून म्हणाले. "शिकवणीला हॉल देता येत नाही."

मी 'वर्ग' खोडून 'उपक्रम' लिहिलं.

"उपक्रमाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते."

"मग कशाला लागत नाही?"

"रहिवासी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला हॉल मोफत आहे. पण तिथे विद्यार्थी दिसले पाहिजेत. उगीच चार माणसं जमवून गप्पा मारणार असाल तर तो मेळावा होतो. मेळाव्याला अनामत लागते."

"विद्यार्थी येतील हो. रांग लागेल."

"बघू," ते म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी हॉल भरला, तेव्हा माझी छाती शर्टाच्या मापाबाहेर गेली. पुढच्या खुर्च्यांवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांची सून बसल्या होत्या. सून दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला सगळे ताई म्हणतात. तिच्या हातात एकदा जबडा दिलेला माणूस वेगळं काही म्हणण्याचं धाडस करत नाही. मागे पत्रकाका होते. वीज कंपनीपासून हवामान खात्यापर्यंत सर्वांना तक्रारीची पत्रं लिहिणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ व्यवसाय. खिडकीजवळ एजंट उभा होता. तो फ्लॅट विकतो आणि स्वतः मात्र भाड्याने राहतो. आमची ही शेवटच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसली होती. आणि दारात, हाताची घडी घालून, सेक्रेटरी.

मी फळा पुसला, घसा साफ केला आणि म्हणालो, "प्रथम प्रत्येकाने आपली गरज सांगायची. अगदी मोकळेपणी. आजी, तुमच्यापासून सुरुवात करू."

"मला कशाला पाहिजे इंग्रजी?" आजी म्हणाल्या. "मी आपली सुनेला सोडायला आलेय. संध्याकाळची एकटी कशी पाठवू?"

तिसरा मजला ते तळमजला एवढ्या प्रवासात सुनेवर कोणतं संकट कोसळणार होतं, हे मी विचारलं नाही. मी ताईंकडे वळलो.

"मला येतं की," ताई म्हणाल्या. "दवाखान्यात सारखं तेच बोलावं लागतं. मी सासूबाईंना घेऊन आले. त्यांचे गुडघे दुखतात ना."

"काका?"

"मी तुमचं व्याकरण तपासायला आलोय. चुकीचं शिकवलंत तर समाजाचं नुकसान आहे."

एजंट म्हणाला, "मी हॉल बघत होतो. हवेशीर आहे. कोणी विचारलं तर सांगता येईल."

मी आशेने हिच्याकडे पाहिलं. शेवटी अर्धांगिनी.

"मी तुम्हाला सोडायला आले," ही म्हणाली. सुई क्षणभरही थांबली नाही.

दारातून आवाज आला. "एकूण विद्यार्थी किती?"

त्या प्रश्नावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आमच्या वार्षिक सभेत दुखवट्याच्या ठरावालासुद्धा पसरत नाही. मी गांगरून "ठरतंय अजून" असं काहीतरी पुटपुटलो. सेक्रेटरी आत आले, दाराजवळची रिकामी खुर्ची पुसून तिच्यावर बसले आणि मांडीवर फाइल उघडली.

"हा अभ्यास आहे की मेळावा, ते ठरेपर्यंत मला रोज निरीक्षण करावं लागेल," ते म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

पुढचे काही दिवस इमारतीने मला सल्ले दिले. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, गोष्टी सांगा. खालचे वकील म्हणाले, काहीही करा पण लेखी देऊ नका. दूधवाल्याने पिशवी हातात देता देता सांगितलं की त्याच्या मेव्हण्याचे इंग्रजीचे तीन वर्ग आहेत, आणि मेव्हण्याला इंग्रजी येत नाही, म्हणून ते चालतात. हा एकच सल्ला अनुभवाचा होता, पण तो मला तेव्हा पचला नाही.

दरम्यान मी हिय्या करून सर्वांना "हे माझं पेन आहे" या वाक्यापासून आरंभ करून दिला. पत्रकाका उठून म्हणाले, "मी मंत्र्यांना पत्रं लिहिली आहेत. मला तुमचं पेन दाखवू नका." ताई दुखावल्या, आजी ताई दुखावल्या म्हणून दुखावल्या, आणि एजंटने पेनाची किंमत विचारली. मागे सेक्रेटरींनी फाइलीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा मला टायवाल्या गृहस्थांचा शर्ट आठवला. सरळ गरज विचारली की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तर बोट ज्याच्याकडे दाखवलंय त्याच्या नावाने शिकवावं. मी आजींना म्हणालो, "आजी, तुमच्या सुनेला दवाखान्यात काय बोलावं लागत असेल, ते तुम्ही जरा तिच्याकडून म्हणवून घ्याल का?" आणि ताईंना हळूच म्हणालो, "आजींचा लेकीकडचा परदेशातला नातू फोनवर इंग्रजीतच बोलतो म्हणे. तुम्ही त्यांना थोडं सांगाल?" दोघी तत्काळ तयार झाल्या. दुसऱ्याला शिकवायला आमच्याकडे कोणाची ना नसते.

अशा रीतीने हॉलचे चार कोपरे झाले. एका कोपऱ्यात ताई रिकाम्या खुर्चीवर वाकून म्हणायच्या, "डोन्ट मूव्ह. इट विल हर्ट अ लिटल." शेजारी आजी फोन कानाला लावल्याचा आव आणून नातवाला दरडावायच्या, "ईट. यू आर टू थिन." नातवाशी आजींना याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि खरं सांगायचं तर याशिवाय दुसऱ्या विषयाची गरजही नव्हती. पत्रकाकांना मी व्याकरण तपासण्यासाठी म्हणून एक ठसठशीत वाक्य दिलं होतं: "आय शॅल बी कन्स्ट्रेन्ड टू अप्रोच हायर अथॉरिटीज." वरिष्ठांकडे जाणं मला भाग पडेल, ही धमकी ते आयुष्यभर मराठीत देत आले होते. इंग्रजीत ती देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळायचं. खिडकीपाशी एजंट गिऱ्हाइकाला पटवायचा, "ओनर इज क्राइंग. स्टिल ही इज गिव्हिंग." मालक रडतोय, तरी देतोय. त्याच्या धंद्याचं सारं सार या वाक्यात होतं. त्यातला पहिला भाग कधीच खरा नसतो, एवढंच.

सेक्रेटरी फाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात निरीक्षण करत फिरायचे. प्रत्येक ठिकाणी ते बराच वेळ थांबायचे. त्यांचे ओठ किंचित हलत असल्याचं मला जाणवलं, पण ते शिव्या मोजत असतील असं मी धरून चाललो.

खुलासा हिने केला. एकदा जेवताना म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. कुठे बोलू नका."

हे वाक्य तिने त्या दिवशी आणखी कोणाकोणाला म्हणून सांगितलं होतं ते देव जाणे. बातमी अशी होती की सेक्रेटरींच्या मुलीने परदेशात लग्न ठरवलं होतं. मुलगा तिथलाच. फोनच्या पडद्यावर व्याह्यांची आणि सेक्रेटरींची गाठ घालून दिली, तर सेक्रेटरी भिंतीसारखे बसून राहिले. इंग्रजीचा एक शब्द तोंडून निघेना. तिकडच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की मुलीच्या बापाला हे लग्न पसंत नाही. आता ते लोक प्रत्यक्ष भेटायला येणार होते.

"पोरगी रडून आईला म्हणाली," ही सांगत होती, "बाबा या वेळी पण गप्प बसले तर ते लोक आल्या पावली परत जातील. नको असलेल्या घरात ते मुलगा देणार नाहीत."

"मग त्यांनी मला सरळ सांगायचं. मी शिकवलं असतं."

"वजनमापेवाले? तुम्हाला?" ही म्हणाली. "त्यांनी तुमचा अर्ज दोनदा परत केलाय. आता विद्यार्थी म्हणून बसतील होय?"

मी त्या रात्री सेक्रेटरींना माफ केलं. माणसाला माफ करताना आपण त्याच्यापेक्षा उंच होतो, आणि सेक्रेटरींपेक्षा उंच होण्याची संधी मला आजवर मिळाली नव्हती. मी त्यांच्या मापाचा खास पाठ तयार केला: पाहुण्यांचं स्वागत, प्रवासाची विचारपूस, 'आम्हाला फार आनंद झाला', 'आमची मुलगी आता तुमची', सगळं बेतून, टाके घालून. फक्त नाव घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "आज सगळ्यांनी मिळून एक प्रसंग करायचा. समजा, कोणाचे तरी व्याही परदेशातून आले आहेत."

ही बातमी गुप्त असल्यामुळे सगळ्यांनी एकदम मागे वळून सेक्रेटरींकडे पाहिलं.

त्यांनी फाइल मिटली. उठले. "हा विषय मंजूर अभ्यासात बसत नाही," ते शांतपणे म्हणाले, "त्यामुळे त्याचं निरीक्षण मला करता येणार नाही." आणि ते निघून गेले. त्यांच्यासाठी शिवलेला शर्ट मी मग उरलेल्यांना शिकवला. एजंट व्याही झाला आणि त्याने पाहुणा असूनही हॉलचं क्षेत्रफळ विचारलं.

मी दोन-तीनदा आडून प्रयत्न केला. जिन्यात गाठून म्हणालो, "इंग्रजीत आनंद कसा व्यक्त करावा याबद्दल आपलं मत काय?" ते म्हणाले, "जिन्यात थांबू नका, रहदारीला अडथळा होतो."

व्याही आले. सेक्रेटरींचं घर लहान, म्हणून स्वागत हॉलमध्ये ठेवलं होतं. त्यासाठी कोणी कोणाकडे अर्ज केला होता, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला, पण मी तो चहाबरोबर गिळला. सगळी इमारत जमली. प्रत्येकजण दुसऱ्या कोणासोबत तरी आला होता.

व्याही आत आले ते दाराची चौकट भरून. एवढा आडवा-उभा माणूस आमच्या लिफ्टने वर नेला असता की नाही, याची मला शंका आहे. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी होत्या, लहानखुऱ्या आणि घाबरलेल्या. जावईबापू मधोमध उभे होते. मुलगी वडिलांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय होतं ते हॉलमधल्या पंख्यालासुद्धा कळलं असतं.

सेक्रेटरी पुढे झाले. हातात फूल आणि टाचणी. थांबले. चेहरा पुन्हा भिंतीचा होऊ लागला. मी मागून सरकलो आणि कुजबुजलो, "वेलकम. वुई आर व्हेरी हॅपी..."

"निरीक्षकाला सूचना देऊ नयेत," ते ओठ न हलवता म्हणाले.

मी मागे झालो. अपमान गिळायला आता चहाही उरला नव्हता.

व्याह्यांनी बायकोकडे पाहिलं. मुलीने मान खाली घातली. सेक्रेटरींनी एकदा आजींच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्या डोंगराएवढ्या माणसाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"ईट. यू आर टू थिन."

व्याही हसले. हसताना त्यांच्या कोटाचं एक बटण ताणलं गेलं. सेक्रेटरींनी फूल त्यांच्या कोटाला लावायला घेतलं आणि टाचणी पारखीत म्हणाले, "डोन्ट मूव्ह. इट विल हर्ट अ लिटल."

ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला क्षणभर दवाखान्यात असल्यासारखं वाटलं.

फूल लागलं. सेक्रेटरी वळले आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. या खेपेला त्यांना वाक्य सापडायला वेळ लागला. आवाजही तो राहिला नव्हता.

"ओनर इज क्राइंग," ते म्हणाले. "स्टिल... ही इज गिव्हिंग."

आणि वाक्याचा पहिला भाग खरा असलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला. एजंटने तोंड खिडकीकडे फिरवलं. मुलगी हुंदका आणि हसू यांच्या मधोमध म्हणाली, "बाबा, मी काय फ्लॅट आहे का?" पण ते थांबले नाहीत. जावईबापूंकडे बोट रोखून, वजनमापे खात्याचा सारा दरारा एकवटून त्यांनी समारोप केला, "आय शॅल बी कन्स्ट्रेन्ड टू अप्रोच हायर अथॉरिटीज."

पत्रकाकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला.

व्याह्यांनी सेक्रेटरींचे दोन्ही हात आपल्या पंजात घेतले, छाती भरून श्वास घेतला आणि भरल्या गळ्याने विचारलं, "व्हॉट टाइम डज द म्युझियम क्लोज?"

"सिक्स," सेक्रेटरी म्हणाले.

दोघांनी कडकडून मिठी मारली. विहीणबाई डोळे पुसत आजींना म्हणाल्या, "व्हेअर इज माय सूटकेस?" आजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बिस्किटांची बशी पुढे करून म्हणाल्या, "ईट."

जावईबापूंनी नंतर मला मुलीमार्फत सांगितलं की त्यांच्या आईवडिलांनाही इंग्रजी येत नव्हतं. या भेटीसाठी दोघं गावातल्या एका वर्गाला जात होते. तो वर्ग पर्यटकांसाठी होता. गेल्या वेळी पडद्यावर ते दोघंसुद्धा गप्पच बसले होते, पण आमच्या सेक्रेटरींच्या गप्प बसण्याचा दरारा एवढा होता की त्यांचं स्वतःचं गप्प बसणं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मला त्या अज्ञात शिक्षकाबद्दल वाटायचं ते वाटलं. त्यालाही कोणी शर्टाची गोष्ट सांगितली असणार.

लग्न पार पडलं. पुढच्या सभेत आभाराचा ठराव आला. त्यात माझं नाव 'खुर्च्या लावण्यास सहकार्य' या सदरात होतं, पण वॉचमनच्या नंतर. मी म्हणालो, निदान शिकवण्याचा उल्लेख हवा. सेक्रेटरी म्हणाले, "कोणाला शिकवलंत? नाव सांगा." मी सभेकडे पाहिलं. ताईंनी आजींकडे पाहिलं, आजींनी ताईंकडे, पत्रकाकांनी छताकडे.

"विद्यार्थी नसल्याने सदर वर्ग हा मेळावा ठरतो," सेक्रेटरी म्हणाले. "तरी अनामत माफ करावी, अशी मी शिफारस करतो." त्यांचा हा मोठेपणा सभेने टाळ्यांनी स्वीकारला.

आठवड्याभरात फलकावर सूचना लागली. सेक्रेटरींच्या मार्गदर्शनाखाली हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग सुरू होत आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्यांना इंग्रजी उत्तम येतं, फक्त त्यांच्यासाठी.'

संध्याकाळपर्यंत जागा भरल्या. सगळ्यांनी आपापली नावं स्वतःच्या हाताने लिहिली होती. आजींचं नाव पहिलं होतं. मी फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो. टायवाल्या गृहस्थांना दिवसभर चिठ्ठ्या चिकटवून जे सापडलं नव्हतं, ते या माणसाने एका ओळीत शिवून दिलं होतं, आणि तेही सगळ्यांना होईल अशा एकाच मापाचं.

पहिल्या दिवशी मी सहज हॉलवरून जात होतो. सहज म्हणजे वही-पेन घेऊन. आतून सगळ्यांच्या एका सुरातल्या घोषाचा आवाज येत होता. वरिष्ठांकडे जाणं सर्वांनाच भाग पडत होतं. सेक्रेटरींनी मला दारात पाहिलं आणि हात वर करून वर्ग थांबवला.

"आपण?" ते म्हणाले. "विद्यार्थी?"

सगळ्या माना वळल्या. चार कोपरे माझ्याकडे बघत होते.

"छे," मी म्हणालो, "मी आपला हिला सोडायला आलोय."

सेक्रेटरींनी माझ्या मागे रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत पाहिलं. तिथे आमची ही विणकाम मांडीवर घेऊन मघापासून बसली होती.